अल्बममध्ये ताई नाही

धाकट्या,

मी कामाला निघाले. आईला जेवणानंतर औषध दे.

तुझा रॉक अल्बम सलग ऐकला. सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट, हे झकास जमलंय. चौथ्या गाण्यात आई आपल्याला टाकून जाते, पाचव्यात परत येते आणि तू तिच्या गळ्यात पडतोस. पण मधली जी वर्षं तुला मी वाढवलं, ती गाण्यांत कुठे आहेत? आई सोडून गेली म्हणून तिला अख्खा अल्बम, आणि मी राहिले म्हणून मला एक ओळही नाही?

जळते रे मी तिच्यावर. ती खोकली की पाणी घेऊन धावते, तरी जळते.

रेकॉर्डिंग संपलं नसेल तर एक गाणं माझं कर. गोड नको. तेव्हा तुझ्यावर जशी खेकसायचे, तसंच असू दे.

ताई