दादाचा विस्तव

१४ नोव्हेंबर

ती. आईस, पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आज रंगखान्यातला लाकडांचा बॉयलर बंद झाला. आता छतावरच्या आरशांनी, उन्हावरच पाणी तापतं. माझं काम टिकलं आहे, काळजी करू नकोस. मी ते आरसे पुसतो. "आता तरी भांग पाडत जा," म्हणून सगळे चिडवतात.

दादा रोज संध्याकाळी निखारे राखेखाली झाकून ठेवायचा. तो गेल्यापासून मी झाकत होतो. आज मुकादम म्हणाले, "तुझ्या भावाचा विस्तव आहे, तूच विझव." निखारे बाहेर ओढून मी पाणी ओतलं.

हे चार वर्षं आधी झालं असतं, तर त्याच्या छातीत एवढा धूर गेला नसता.

तुझे गुडघे कसे आहेत?

राखेने माखलेला सदरा धुवायला हात होत नव्हता. आत्ता भिजत घातला.

तुझा धाकटा