डावा कान

सोमवार, ३ तारीख
नातीने अर्धी कोरी वही दिली. म्हणाली, "आजी, तोंड थकत नाही तुझं, आता हात तरी थकव." चौथीपर्यंतचं अक्षर आहे. कोण बघतंय!
आमच्या म्हाताऱ्याने सकाळी सकाळी डोकं खाल्लं. त्याच्या रुळांवरच्या टोळीत नवा शिट्टीवाला आलाय, गाडी आली की इशारा देणारा. जुना लांब्या निवृत्त झाला. म्हातारा म्हणतो, "त्याला कानाचं सांगून टाकतो. मुकादमही म्हणतोय." डावा कान लढाईत गेलाय त्याचा, आता नुसता शोभेला आहे. कचेरीत कोणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, "अक्कल गहाण टाकली का? नवा माणूस, जाऊन साहेबाला चुगली केली तर? चार महिने राहिलेत. तोंड शिवून बसा." म्हणाला, "बरं." त्याच्या 'बरं'ला काही अर्थ नसतो. करायचं तेच करतो.
डाळ करपली ती या बडबडीत.

मंगळवार, ४
बूट पुन्हा दाराच्या मधोमध. एक दिवस अडखळून मरेन, मग बसा बूट कवटाळून.

गुरुवार, ६
म्हातारा गेला. साडेदहाच्या गाडीखाली.
बूट एकच आणून दिला. दुसरा कुठाय विचारलं तर सगळे खाली बघायला लागले.

शनिवार, ८
लोक येतात, बसतात, उसासे टाकतात, चहा पिऊन जातात. शेजारीण म्हणे, "शांतपणे गेले हो." गाडीखाली शांतपणे? हिला विचारायला हवं होतं, तू बघायला गेली होतीस का!
मुकादम आला. खुर्ची दिली तरी बसेना. त्याच्याकडून काढून घेतलं सगळं. टोळी पलीकडे रुळांखालचे स्लीपर बदलत होती. म्हातारा एकटा पुढे, वाकून रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकत होता. उजव्या बाजूच्या रुळावरून मालगाडी चालली होती, लांबलचक. तेवढ्यात याच्याच रुळावर मागून दुसरी आली. चांगला कान मालगाडीने भरलेला. दुसरा तर नव्हताच.
लांब्या असता तर झालं नसतं. लांब्या शिट्टी मारायचा टोळीसाठी, आणि याच्यासाठी धावत येऊन खांद्यावर हात ठेवायचा. अठरा वर्षं. हात पडला की म्हातारा न बघता बाजूला व्हायचा. नवा मात्र नियमाप्रमाणे दूर झेंडा घेऊन उभा. नियमात खांदा कुठे लिहिलाय!
"तुम्ही काय करत होतात?" मी मुकादमाला विचारलं.
"वहिनी, आम्ही ओरडलो..."
"बहिऱ्यावर ओरडलात! शाबास."
उठून गेला. बसलाच नव्हता म्हणा.

सोमवार, १०
लढाईहून आला तेव्हा चोविशीचा होता. डावीकडे तोफगोळा पडला. डावीकडचा दोस्त गेला, याचा कान गेला. म्हणायचा, तो मध्ये होता म्हणून मी कानावर सुटलो. एवढंच सांगितलं आयुष्यभरात. पदक सुयांच्या डब्यात ठेवलं. फौजेचा कागद, ज्यावर कानाचं लिहिलं होतं, तो चुलीत घातला. रेल्वेच्या डॉक्टरने डोळे तपासले, दात बघितले. कान? "ऐकू येतं ना?" "हो साहेब." झाली तपासणी!
तेहतीस वर्षं रोज रूळ तुडवले. गाडीतल्या कोणाला माहीत, खाली कोण वाकलंय ते.
झोपताना चांगला कान उशीत घालायचा. जग बंद. मी डाव्या बाजूला झोपायचे. मनसोक्त शिव्या घालता यायच्या.
आता ती जागा रिकामी आहे आणि शिव्या तोंडात अडकतात. याचाच राग येतो.

बुधवार, १२
चौकशी. कचेरीत बाकावर दोन तास. थोरला बरोबर होता. "आई, जास्त बोलू नकोस." याला मी बोलायला शिकवलं!
साहेब तरणा, केस चापूनचोपून. वाचून दाखवलं: शिट्टी झाली, इशारा मिळाला, कर्मचारी हलला नाही, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मग हळूच विचारतो, "आजी, ते घेत होते का हो?"
घेत होते का! ज्याने चहा सोडून कशाला तोंड लावलं नाही!
डोक्यात तिडीक गेली. टेबलावर हात आपटला, शाई सांडली. म्हटलं, "शिट्टी वाजलीच नाही! वाजली असती तर माझा माणूस हलला असता. तेहतीस वर्षं हलला, तेव्हा काय वाऱ्याने हलला?"
साहेबाने टोळीला बोलावलं. मुकादमाने छताकडे बघितलं. "मालगाडीचा आवाज होता, साहेब. आम्हाला काही ऐकू आली नाही." बाकीच्यांनी मान डोलावली. कानाचं कोण बोलणार? इतकी वर्षं लपवलं म्हणून सगळेच अडकतील.
नवा कोपऱ्यात उभा होता. तिशीचा, हडकुळा. "मी वाजवली," एवढंच म्हणाला. दोनदा.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १४
नव्याला कामावरून काढलं. थोरला म्हणाला, "बाबांच्या नावावरचा डाग गेला, आई." मुकादमाने निरोप पाठवला, वहिनींनी टोळी वाचवली.
बरं झालं. भोगा म्हणावं. माणूस मारलास, आता घरी बस.
जेवण गेलं नाही.

रविवार, १६
नवा आला होता.
मी म्हटलं हाणामारीला आला. पोळपाटावरचं लाटणं हातातच होतं. पण हा दारात चप्पल काढून उभा. हातात कापडात बांधलेलं काहीतरी. दुसरा बूट. रुळाखालच्या झुडपात शोधून काढला म्हणे, काल. नोकरी गेलेला माणूस, माझ्या म्हाताऱ्याचा बूट हुडकत फिरला.
"मावशी, तीनदा मारली मी शिट्टी. आईशप्पथ. ते वळलेच नाहीत. असं का, एवढंच सांगा. मला झोप येत नाही."
मी शिवी न देता बूट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.
मग म्हणाला, "मंगळवारी काकांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, तुला एक सांगायचं आहे, माझं हे... आणि थांबले. हसले. म्हणाले, जाऊ दे, घरून मनाई आहे."
लाटणं खाली ठेवलं. त्याला पाणी दिलं. कुठल्या हाताने दिलं आठवत नाही. तो गेला.
तेहतीस वर्षांत या माणसाने माझं एक ऐकलं नाही. लोकर म्हटलं की सुती घालायचा, डावीकडे म्हटलं की उजवीकडे. बूट दारात ठेवू नका, एवढंही नाही. आणि हे ऐकलं! हेच बरं ऐकलंस रे!
मुकादमाला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, या पोराला तर रस्त्यावर आणलं. मागे जाऊन पहिलं पान वाचलं. तोंड शिवून बसा. माझंच अक्षर. चौथीचं असलं तरी स्वच्छ वाचता येतं.

सोमवार, १७
थोरला कचेरीत जायला नको म्हणतो. मुकादम येऊन हातापाया पडून गेला. दोघांनाही दार दाखवलं.
दोन्ही बूट दाराच्या मधोमध ठेवलेत. ओलांडून निघाले.
साहेब, ही वही तुमच्या टेबलावर ठेवतेय. सोमवार, ३ तारीख, तिथून वाचा. शाई सांडलेला कागद फाडा आणि नवा लिहा. शिट्टी वाजली होती. तीनदा.