गवतातून बाहेर आलेला गेंडा

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. डोक्यात इतके साठले आहे की कुठेतरी ओतायलाच हवे. हिच्यापाशी ओतायला गेलो की ही शिलाई मशीन सुरू करते.

काल मुलांच्या मासिकाच्या कचेरीतून बोलावणे आले. संपादकबाई नव्या आहेत. वय माझ्या मुलाएवढे. चहा दिला, तब्येत विचारली, तेव्हाच सावध झालो. तब्येत कोणी उगाच विचारत नाही. मग म्हणाल्या, मासिक आता कागदावर निघणार नाही, मोबाईलवर निघणार. शेवटच्या पानावरचा तुमचा गेंडूनाना आम्हाला हवाच आहे, पण त्याने चालले पाहिजे. वीस सेकंद. तीस तारखेला दाखवा. नाही जमले तर मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडे दोन मुली आहेत त्या करतील, तुम्ही फक्त परवानगी द्या.

एकतीस वर्षे गेंडूनाना माझ्या हातून उतरतो आहे. परवानगी म्हणे.

मी सांगून आलो की पंधरा दिवस पुरेत. तीस तारीख तुम्ही तुमच्या सोयीसाठी ठेवा.

४ जून
मुलाने फोनवरून सगळे ठरवले. लॅपटॉप, चित्रे काढायची काळी पाटी आणि एक सॉफ्टवेअर. दुकानदार सॉफ्टवेअरविषयी एकच शब्द तीनदा बोलला, इंट्युइटिव्ह. अर्थ विचारायला शेजारच्या बँकवाल्यांकडे गेलो. बँकेतून निवृत्त झाले, पण इंग्रजीतून अजून झाले नाहीत. म्हणाले, शिकावे लागत नाही, आपोआप कळते, ते इंट्युइटिव्ह.

म्हणजे माझ्यासारख्या सातवी पास माणसासाठीच केलेले आहे. मोठी काळजी मिटली.

वेळापत्रक: उद्या रेघा. परवा रंग. त्यानंतर चाल. दहा तारखेपर्यंत काम पुरे. उरलेले दिवस फिनिशिंग.

५ जून
हात पाटीवर, रेघ पडद्यावर. हाताकडे पाहावे तर रेघ दिसत नाही, रेघेकडे पाहावे तर हात कुठे गेला कळत नाही. शिवाय रेघ थरथरते. दुकानदाराला फोन केला की पाटी खराब निघाली. तो म्हणाला, काका, पाटी नवीन आहे. 'नवीन'वर उगाच जोर दिला.

संध्याकाळी कागदावर एक रेघ ओढून पाहिली. कागदही हल्ली चांगला येत नाही.

७ जून
आपोआप काहीही कळलेले नाही. वाट पाहतो आहे.

८ जून, दुपार
मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, हे व्हेक्टर आहे, शाईसारखे ओढायचे नाही. ठिपके द्यायचे. दोन ठिपक्यांमधली रेघ ते स्वतः काढते. ठिपक्याला दोन काड्या फुटतात, त्या ओढल्या की रेघ वाकते.

मी म्हटले, एकतीस वर्षे मी रेघ काढली, आता रेघ ते काढणार, तर मी काय करायचे? तो म्हणाला, ठिपके द्या. मग मीटिंग आहे म्हणाला.

काडी ओढली की रेघ भलतीकडेच जाते. गेंडूनानाची पाठ काढायला गेलो, किटली झाली. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, किटली छान आलीय. आधी किटली काढून हात बसवत होतो असे तिला वाटू दे.

१० जून
आजपर्यंत काम पुरे व्हायचे होते. वेळापत्रक चुकीच्या माहितीवर बेतलेले होते. नवे वेळापत्रक उद्या.

११ जून
वेळापत्रक आखण्यात दिवस गेला. चांगले झाले आहे. तीन रंगांत.

१३ जून
यश. शेवटी माझी स्वतःची पद्धत शोधली. ठिपके मोजून-मापून द्यायचेच नाहीत, भरपूर द्यायचे. गेंडूनाना पूर्ण काढला. कातडीच्या सुरकुत्यांच्या बारीक आडव्या-उभ्या रेघा, ज्यासाठी जुने संपादक मला मानत, त्या सगळ्या एकेक करून. सहाशे चाळीस रेघा. चार तास. मान आखडली, डोळ्यांतून पाणी. पण गेंडा जिवंत.

हिला बोलावून दाखवला. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, अहो, याला पाय कुठायत?

१४ जून
हे कुठेही लिहिलेले नाही, म्हणून इथे लिहितो. मला गेंड्याचे पाय येत नाहीत. कधीच आले नाहीत. पहिल्या अंकात घाई होती म्हणून त्याला गवतात उभा केला. गवत लोकांना आवडले. मग एकतीस वर्षे तो गवतातच उभा आहे. शाळेत गेला तरी गवत, बाजारात गेला तरी गवत. एकदा गच्चीवर होता, तिथेही मी गवत उगवले. एका मुलाने पत्र लिहून विचारले होते की गेंडूनाना गवताबाहेर का येत नाही. उत्तर दिले की तो लाजाळू आहे.

आता त्याला वीस सेकंद चालायचे आहे.

संपादकबाईंना फोन करून विचारले की तो गवतातून चालला तर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नाही काका, मुलांना पावले दिसायला हवीत. तो फोन मी करायला नको होता.

१५ जून
झोप नीट नाही. छातीत काहीतरी पळाल्यासारखे होते. डॉक्टर म्हणाले, सगळे ठीक आहे, टेन्शन कमी करा. त्यांना म्हटले, गेंड्याचे गुडघे पुढे वळतात की मागे तेवढे सांगा, टेन्शन लगेच कमी होईल. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

खरे सांगायचे तर भीती गुडघ्यांची नाही. भीती ही की गेंडूनाना गेला तर मी कोण? खाली दुधाच्या दुकानात मला गेंडूनानाचे आजोबा म्हणतात. तो त्या दोन मुलींकडे गेला की नुसता आजोबा उरेन. तसले गल्लीत पुष्कळ आहेत.

१६ जून, सकाळ
चालीचा अभ्यास. पुस्तके नाहीत, म्हणून स्वतः दिवाणखान्यात चार पायांवर चालून पाहिले. कोणता हात कोणत्या पायाबरोबर उचलतो ते लक्षात ठेवायचे होते. लक्षात ठेवायला गेलो की चालता येत नाही, चाललो की लक्षात राहत नाही. हिला म्हटले, मोबाईलवर घे. घेतले. तिसऱ्या फेरीला बँकवाले पेपर मागायला दारात. पेपर न घेताच गेले.

डावा गुडघा सुजला आहे. कलेसाठी.

१७ जून
पाय काढले. चारही. आता चालवायचे म्हणून पुढचा उजवा पाय पकडून ओढला. पोट बरोबर आले. पुन्हा ओढला, तर पाय गेला पण सुरकुत्या जागेवरच राहिल्या. सहाशे चाळीस रेघा हवेत, डासांच्या थव्यासारख्या, आणि खाली गेंडा उघडाबोडका. मग लॅपटॉप गरम झाला आणि बंद पडला.

दोन तास पलंगावर भिंतीकडे तोंड करून.

ही मागे बसून म्हणाली, अहो, एक विचारू? तुम्ही अख्खा गेंडा एका तुकड्यात कापलात का? मी म्हटले, कापला नाही, काढला. ती म्हणाली, तेच. ब्लाउज कोणी एका तुकड्यात बेतते का? बाही वेगळी, पाठ वेगळी, मग खांद्यापाशी मुंढ्याला जोडायची, तेव्हा हात वर होतो. नाहीतर हात वर केला की ब्लाउज गळ्याशी येतो.

गेंड्याचे आणि ब्लाउजचे काय नाते? बिचारी आपल्या परीने धीर देते आहे.

१९ जून
विचारांती ठरवले की किरकोळ कामे हिच्यावर सोपवावीत. मोठे कलावंत असेच करतात. कागदावर गेंडूनाना काढून दिला. तिला म्हटले, तू नुसती बाह्यरेषा ठिपक्यांनी उतरव, बाकी मी पाहतो. चष्मा लावून बसली. काड्या ओढताना बघत होतो. म्हणाली, मुंढ्याचा गोल घेताना धागा असाच खेचावा लागतो, जिथे वळण तिथे कमी टाके.

तिची किटली झाली नाही. पहिल्याच फटक्यात पाठ. नवशिक्याचे नशीब असते.

२१ जून, दुपार चार
आश्चर्य. जेवून आडवा झालो, तासाभराने उठून पाहतो तर गेंडूनानाचा पुढचा पाय हलतो आहे. मी काल बराच वेळ तोच पाय ओढत होतो. तेव्हा काही झाले नव्हते. सॉफ्टवेअरला थोडा वेळ द्यावा लागतो तर. इंट्युइटिव्हचा अर्थ आत्ता कळला. ते आपल्याला आपोआप कळत नाही, आपण त्याला आपोआप कळतो.

ही मशीनवर होती. तिलाही समजावून सांगितले. हो का, म्हणाली.

२३ जून
आता पद्धत अशी. सकाळी मी बसतो, सॉफ्टवेअरला माझ्या मनातले सांगतो, म्हणजे चार-पाच गोष्टी ओढून सोडतो. दुपारी झोपतो. उठेपर्यंत त्याने केलेले असते. आज मागचे पाय झाले. उद्या शेपटी व्हायला हवी.

हिची शिवणाची कामे मागे पडली आहेत. दोन बायका ब्लाउज मागायला येऊन गेल्या. तिला म्हटले, दुपारभर करतेस काय? म्हणाली, शेपटी.

मी उशी घेऊन आत गेलो.

२६ जून
गेंडूनाना चालतो. पडद्याच्या डावीकडून येतो, उजवीकडे जातो. गवत नाही. चारही पाय दिसतात. डाव्या मागच्या पायात किंचित लंगडतो. ती चूक दुरुस्त करायला सांगणार होतो, पण त्या चालीत काहीतरी ओळखीचे वाटले, म्हणून राहू दिले.

डोळे भरून आले. एकतीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच पूर्ण पाहिले.

बँकवाल्यांना दाखवला. म्हणाले, तुम्ही केलेत? मी म्हटले, मग दुसरे कोण करणार? ही शेजारीच उभी होती. चहा ठेवते म्हणून आत गेली.

२७ जून
चहा बेचव होता. कालचाही.

३० जून, संध्याकाळ
कसे लिहू.

लॅपटॉप आणि पाटी घेऊन एकटाच गेलो. ही येते म्हणत होती. मी म्हटले, कचेरीत तू काय करणार? संपादकबाईंनी पाहिले. पुन्हा पाहिले. त्या दोन मुलींना बोलावले, त्यांनीही पाहिले. म्हणाल्या, काका, चाल कसली भारी आहे, त्या डाव्या गुडघ्यात जीव आहे. मी म्हटले, अभ्यास लागतो.

मग संपादकबाई म्हणाल्या, एकच करा, शेवटी त्याने आमच्याकडे मान वळवून बघायला हवे. आत्ता दोन मिनिटांत होईल ना?

मी म्हटले, होईल. बसलो. पेन हातात घेतले. मानेवर टेकवले. ओढले. डोके निघून पडद्याबाहेर गेले. सांगितले की खुर्चीची सवय नाही. दुसरी खुर्ची आणली. आता शेपटी मानेवर आली. सांगितले की याला झोपेनंतर चांगले कळते. कोणी हसले नाही, हे सगळ्यात वाईट. एका मुलीने हलक्या हाताने पेन काढून घेतले, दोन गोष्टी दाबल्या, डोके परत आले. मग म्हणाली, काका, काय सुंदर तुकडे पाडलेत. सांधे बघा ना. कोणाकडून करून घेतलेत?

करून घेतलेत.

सरळ बाहेर आलो. लॅपटॉप तिथेच राहिला. तीन स्टॉप चालत गेलो आणि बाकावर बसलो. घरी जाऊन काय सांगायचे याचा विचार केला. पाऊण तास.

घरी आलो तर ही फोनवर. म्हणत होती, नाही हो, मान वळवायची तर गळा सैल ठेवावा लागतो, नाहीतर ओढ बसते. मग, ते चित्र काढतात, मी नुसते चालवते. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग, त्यांना विचारून सांगते.

फोन ठेवून म्हणाली, संपादकबाई होत्या. दर महिन्याला एक म्हणतात. काय सांगू?

मी म्हटले, तुला शिवणकाम आहे. ती म्हणाली, हो, ते आहेच. आणि वाट पाहत उभी राहिली.

मी म्हटले, सांग हो.

४ जुलै
व्यवस्था ठरली. गेंडूनाना आमच्याच घरी राहणार. चित्रे मी काढायची, कागदावर. चालवणार ही. खाली दोघांची नावे येतील. संपादकबाई कामाविषयी हिच्याशीच बोलतात. मला तब्येत विचारतात.

कचेरीतून परत आलेला लॅपटॉप हिने शिलाई मशीनशेजारी नेला आहे. तिथे उजेड चांगला, म्हणते. मलाही तेच सुचवायचे होते.

९ जुलै
पुढच्या अंकात गेंडूनाना जिना चढतो. हिने चित्रे गुरुवारी मागितली. मी म्हटले, बुधवारीच घे. चार चित्रे, पायांसकट. पाय आता येऊ लागलेत असे वाटते.

११ जुलै, गुरुवार
चित्रे आज दिली. हिने चष्मा वर केला, एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला. दोन ठेवून घेतले, दोन परत दिले. म्हणाली, अहो, इथे खांदा कुठे संपतो आणि पाय कुठे लागतो तेच कळत नाही, मी जोडू कुठे? आणि खाली हे कशाला?

कोपऱ्यात थोडे गवत आले होते. हाताला सवय आहे, म्हटले.

म्हणाली, पुन्हा काढा. सोमवारपर्यंत.

तिला सांगितले की एकतीस वर्षांत माझे चित्र कोणीही परत केलेले नाही. मशीनमध्ये दोरा ओवता ओवता म्हणाली, तेव्हा मला विचारायचं होतंत.

मी विचारले, सोमवार संध्याकाळ चालेल का.

बघू, म्हणाली.