हार्मोनियम ग्रासिएतला, पण अटीवर

मी, फेलिझमिना व्हारेजाँव, कै. आदेरितू यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ब्रागान्साजवळील सालगेइरोश, चर्चच्या गायनमंडळाची माजी प्रमुख, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा संतापात करत आहे. 'संताप' हा शब्द गाळा, असे नोटरी तेओदोझिऊ म्हणाले. मी गाळू दिला नाही.

१. घर व चेस्टनटची बाग माझे दीर बेल्मिरू यांस. त्यांनी 'दोन दिवसांसाठी' नेलेले तांब्याचे पातेलेही त्यांनाच. नाहीतरी ते परत येणार नव्हते.

२. माझी बहीण वारल्यावर तिच्या मुलीला, ग्रासिएतला, मी वाढवले, गाणे शिकवले. शेंगा सोलताना प्रत्येक अक्षराला एक दाणा टोपलीत टाकायचा, जोराचे अक्षर आले की आपटायचा. 'लो-व्हार-ते-ए-मुश', म्हणजे 'आम्ही तुझी स्तुती करू'. यात 'तुझी'चा 'ते' क्रियापदाच्या पोटात शिरून बसतो, पण जोर त्याच्या मागून येणाऱ्या 'ए'वर. पाहुण्याला यजमानाची खुर्ची द्यायची नाही. एवढे तेव्हा त्या चिमुरडीला कळत होते.

मंडळ हाती येताच याच ग्रासिएतने गिटारवर नवी चाल बसवली आणि आदेरितूच्या दफनाला 'लोव्हार-तेऽऽ' असा गळा काढला. मी भर चर्चमध्ये शवपेटीवर हात आपटून गाणे थांबवले.

"मावशी, आज तरी गप्प बस ना! काका गेलेत!"

"गेलेत, बहिरे नाही झाले!"

तेव्हापासून ती माझ्या दारात आलेली नाही. चूक तिची आणि रुसवाही तिचाच! चोराच्या उलट्या बोंबा.

३. हार्मोनियम ग्रासिएतला. अट एकच: माझ्या दफनाला तिने एकटीने, गिटारशिवाय, जोर सांभाळून हेच गावे.

येथे नोटरींनी चष्मा काढला.

"फेलिझमिनाबाई, मृत्युपत्र उघडतात दफन झाल्यावर. तिला कळणार कसं?"

"मग कायदा बदला!"

"त्यापेक्षा तिला सांगून टाका की."

"मी? मी जायचं तिच्या दारात?"

दोन्ही साक्षीदार खाली बघून हसत होते. मला दिसले.

हा धडधडीत अन्याय आहे. तरीही अट रद्द. हार्मोनियम ग्रासिएतला, बिनशर्त. पण दुसऱ्या कोणाच्या गाण्यावर मला मातीत जायचे नाही. म्हणून सही झाली की मी तिच्याकडे निघणार आहे. तिने दार उघडले नाही, तर पायरीवर बसून तिचीच ती चुकीची चाल मोठ्याने गाईन. मला गप्प करायला तरी बाहेर येईल.

वाचून ऐकवले, पटले, सही केली.

फेलिझमिना व्हारेजाँव

साक्षीदार: ओंदिना सार्मेंतू, बेकरीवाली
लिओनेल किंताश, पोस्टमन

ब्रागान्सा, १४ नोव्हेंबर २०११