खांद्यावरचा हात

पुसद, ६ नोव्हें. २००६
दिवसभरात दोन पासपोर्ट फोटो, दोघेही घाईत. एरवी कापूस विकला की खेड्यांतली माणसं नवे कपडे घालून, डोक्याला तेल चोपडून फोटोला यायची. यंदा कापसानेच दगा दिला, फोटो कुणाला सुचणार? फोटोमागचा बागेच्या चित्राचा पडदा झटकला. मालती असती तर म्हणाली असती, धूळ झटकायलाच दुकान उघडता का. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, टोमणे अजून ऐकू येतात. बरंच आहे.

९ नोव्हें.
सुनंदा आली, पोरीला घेऊन. दरवर्षी नवरा, देवराव, दोघींना आणायचा. यंदा तो सुरतेला कामाला गेलाय, पोळ्यापासून निरोप नाही. तरी फोटो तिघांचाच हवा.
"मांगच्या सालच्या फोटोतून पोरीच्या बापाले घ्या काका, अन् इथं उभे करा. जागा रिकामी नोका ठेवू."
जोडकामात, म्हणजे दोन फोटोंचा एक करताना, त्या जागी खरंच कुणी उभं नसेल तर बाकीचे सरकतात, सावली चुकते. पूर्वी मालती उभी राहायची. आज टायमर लावून मीच राहिलो. पोरगी हलू नये म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला. हलली नाही.

११ नोव्हें.
प्रिंट धुतली. बघत बसलो. जन्मभर लोकांची कुटुंबं उभी केली, मी एकातही नाही. यात चक्क घरचा दिसतो. एक प्रत ठेवावी का... नको. म्हातारचळ.

१४ नोव्हें.
मला कात्रीने कापलं, देवरावला चिकटवलं, जोड ब्रशने बुजवून त्या प्रिंटचाच पुन्हा फोटो घेतला. समोरचा कॉम्प्युटरवाला हे पाच मिनिटांत करतो म्हणे. करो बापडा.
देवरावचे हात मागच्या साली पाठीमागे होते. माझा हात काढावा तर पोरीचा फ्रॉक बिघडतो. राहू दिला. बाही त्याच्या सदऱ्यासारखी रंगवली. कोण एवढं बघतंय?

१६ नोव्हें.
सुनंदाने बघितलं. फोटो उजेडात धरला नि बोट थेट तिथेच.
"हा हात पोरीच्या बापाचा नाही."
माझा आहे म्हणालो. हवं तर परत काम करून देतो. ती पोरीकडे बघत राहिली.
"राहू द्या काका. पोरीच्या खांद्यावर कोनाचा तं हात पायजे. हे आले का मंग काढून टाकजा."
फोटो पदराखाली धरून गेली. दुकान पुन्हा सुनं.
पुढे हात काढता यावा म्हणून निगेटिव्ह जपून ठेवली आहे. देवराव यावा, असं वाटतं. अगदी मनापासून वाटतं, असं मात्र लिहवत नाही.