देवाला बुडवण्यापुरतं पाणी

माले, वैशाख व. ४

विहिरीच्या तळच्या पायऱ्या उघड्या पडल्या. नदीत डोह तेवढा उरलाय, त्यात म्हशी बसतात. वर धरणात पाणी अडलंय खरं, पण ते घाट उतरून मुंबईचे दिवे लावतं. आपल्या वाट्याला धरणावरचे कारकून, जेवायला.

चावडीवर ठरलं : घरटी दोन घागरी, आमच्या खानावळीला चार. वाटपावर मला बसवलं. पाटील म्हणाले, "अण्णा, तुमची जीभ लई चालतीया. तिच्या भ्यानं तरी लोकं रांगंत ऱ्हातील." पुण्यात याच जिभेपायी माझं साप्ताहिक बुडालं. इथे तिला नोकरी लागली, बिनपगारी.

वैशाख व. ११

सौ.ची काटकसर माझ्या लेखांपेक्षा धारदार. ताटं बंद, पत्रावळी सुरू. भांडी राखेनं कोरडी घासायची, मग एकदाच विसळायची. जेवणाऱ्यांनी हात धुवायचे ते केळीच्या आळ्यावर वाकून. एक कारकून कुरकुरला, दुसऱ्यानं तांब्या मागितला. सौ. म्हणाली, "भाऊसाहेब, भात हवा तेवढा वाढते. पाणी मोजून." निमूट जेवला.

माळावरची ठकूबाई धनगरीण मेंढरं घेऊन विहिरीवर आली. पाटलांनी हटकलं. "गावची विहीर हाय, मेंढरांची न्हाई." ती म्हणाली, "मंग माजी मेंढरं दूध देत्यात, ते गावाला चालतंय व्हय?" सौ.नं विसळलेलं पाणी दिलं. रोज काही ते पुरायचं नाही.

ज्येष्ठ शु. ३

मृग लागला, कोरडाच. हिशेब सरळ आहे. विहीर आटली की खानावळ बंद. खानावळ बंद म्हणजे पुण्याला, भावाच्या दारात. वहिनी वाईट नाहीत. पण तिथे सौ. बोलायचीच थांबते.

चावडीवर नवीन टूम : महादेव कोंडायचा. गाभारा खोल आहे, पाणी जायची मोरी लिंपायची आणि पिंडी बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. देव गुदमरला की पाऊस सोडतो. मी म्हटलं, प्यायला नाही आणि बुडवायला आहे? पाटील शांतपणे, "मागं कोंडला हुता. तिसऱ्या दिशी पाऊस."

"पाऊस यायचाच असेल तेव्हा."

"आसंल. पर कोंडला हुता का न्हाई?"



ज्येष्ठ शु. १०, सोमवार

कोंडला. अर्ध्या कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका भरल्या घागरी घेऊन हसत आल्या. गुरव चिखलानं मोरी लिंपून कंबरभर पाण्यात उभा. पिंडी दिसेनाशी झाली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा. कशासाठी, ते कळलं नाही.

घरी आलो तर चूल थंड. चारही घागरी रिकाम्या. सौ. म्हणाली, "मीही नेल्या. राहायचंय ना इथे?" कारकून उपाशी परत गेले.

शु. ११

सकाळी पिंडी चार बोटं वर. गाभारा गळतो. पाटील म्हणाले, देव उघडा ठेवला तर कोप होईल, रोज भर घालायची. विहिरीतून आज निम्मा गाळ येत होता. मी घागरी द्यायचं नाकारलं. "मंग सांगा अण्णा, गाव तहानलेला ठिवायचा का देव?" मी काहीतरी बोललो, लागेल असं. कुणी हसलं नाही. दोरी माझ्या हातातून काढून घेतली आणि भर घातली.

वाटपावर अजून मीच आहे. काय वाटायचं, कोण जाणे.

शु. १३

गळती सापडली. देवळामागच्या घळीत कपारीतून बारीक धार पडते. खाली ठकूबाईनं आडवे दगड लावून, चिखल थापून डबकं केलंय. मेंढरं पीत होती. अख्ख्या गावात पाणी नीट अडवून वापरणारी हीच एक. मला पाहून दचकली नाही.

"सांगनार का अण्णा पाटलास्नी?"

मी म्हटलं, देवाचं पाणी आहे.

"देवाचंच हाय की. मी कुटं माजं म्हनतीया."

उतरतीवरून चालताना सगळं स्पष्ट दिसत होतं. गळतीची जागा सांगितली तर कपार बुजवतील, भर घालणं थांबेल, विहीर पावसापर्यंत कशीबशी टिकेल. आम्ही इथे राहू. ठकूबाईची मेंढरं मात्र माळावर पडतील. आधीच दोन गेलीत. नाही सांगितलं तर... ते लिहायला नको.

शु. १४

आभाळ येतं, जातं. पाटील दुपारी आले, जोत्यावर बसले. त्या दिवशीचं मनात ठेवलं नव्हतं. "पानी कुटं जातंया अण्णा? तुमी रोज हिंडता, तुमास्नी दिसलं आसंल." मी म्हटलं, बघतो. "उद्या बगा. परवापासनं विहिरीत दोर सोडून उपेग न्हाई." उठताना चहा नको म्हणाले. पाणी वाचवायला.

सौ.ला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, कुणाचीच बाजू घेतली नाही. उठली, तांदळाच्या डब्याशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "उद्या किती जणांचे काढू?"

पाटलांना अजून सांगितलं नाही.