एक्केचाळीस दिवसांच्या खुणा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन. "काका, काकूंची गोळ्यांची वही तुमच्याकडेच राहिली आहे. डॉक्टरांना नव्या गोळीच्या अभ्यासाचा निकाल लिहायचाय. या आठवड्यात आणून द्याल?"

देतो म्हणालो. ही जाऊन नऊ आठवडे झाले. वही विसरून राहिलेली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

वही काढली. हॉस्पिटलनेच छापून दिलेली. दर दिवसापुढे चार चौकोन. सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या, घेतली की चौकोनात बरोबरची खूण. खुणा मी करायचो. हिचा उजवा हात तोवर कामातून गेला होता.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. मेंदूभोवती एक गाळणी असते. बहुतेक औषधं ती आत जाऊ देत नाही, म्हणून मेंदूच्या कॅन्सरवर फारसं काही चालत नाही. ही नवी गोळी आत जाते. माणसाला किती सोसते आणि गाठ थांबते का, एवढंच बघायचं होतं. एकूण बारा पेशंट. ही सातवी.

एप्रिल ते ५ सप्टेंबर खरं आहे. ६ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर खोटं आहे. एक्केचाळीस दिवस. हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितो आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं ते असं. गोळ्या घेतल्या की तासाभरात उलटी. मग दिवसभर थोडी थोडी. पाण्याचा घोटसुद्धा परत यायचा. सिस्टर विचारायची तेव्हा ही म्हणायची, "होतं जरा मळमळल्यासारखं." तिला तक्रार करणं जमायचंच नाही.

६ सप्टेंबरला तिने तोंड घट्ट मिटलं. मी गोळी हातात घेऊन उभा. म्हणाली, "अहो, आता पुरे. गाठीने मरायचं तर मरू दे, भांड्यात डोकं घालून नको."

मी म्हणालो, महिन्यात दहा दिवस चुकले तर अभ्यासातून नाव काढतात. नाव गेलं की दर महिन्याचा स्कॅन गेला, डॉक्टरीणबाई गेल्या, सिस्टरचा फोन गेला. मग आपण दोघंच.

ती हसली. "मग लिहा की घेतल्या म्हणून. तुमचं अक्षर चांगलं आहे. कोण संशय घेणार?"

गोळ्या गरम पाण्यात विरघळवून मोरीत ओतायचो. रोज चार. १६ ऑक्टोबरला ती पडली, दवाखान्यात ठेवली आणि मग गोळ्या त्यांनीच थांबवल्या.

त्या एक्केचाळीस दिवसांत ती दोन वेळा पोटभर जेवली. एकदा गॅलरीत खुर्ची टाकून शेजारणीशी भांडली. मला पश्चात्ताप नाही. खुणांचा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वही देऊन आलो. आतलं काही बोललो नाही.

डॉक्टरीणबाई वही चाळत स्वतः बाहेर आल्या. खूश दिसल्या. "काकूंचे स्कॅन आम्ही परत परत बघतोय. ऑक्टोबरपर्यंत गाठ जागची हलली नव्हती. आणि पूर्ण डोस, एक दिवस चुकला नाही! त्यांच्याकडे बघूनच पुढच्या गटाला सहा गोळ्या द्यायचं धाडस करतोय. २३ तारखेपासून. आठ जण आहेत."

मी "हो का" म्हणालो. हो का!

बाहेर बाकावर एक तरुण बाई फॉर्म भरत होती. डोक्याला रुमाल. चित्रकलेची शिक्षिका आहे म्हणाली. माझ्या हातातली हॉस्पिटलची पिशवी बघून तिने ओळखलं असावं. "काका, तुमच्याकडे कोणी घेतली होती का ही गोळी? उलट्या खूप होतात का हो? मला तास बुडवून चालणार नाही."

मी म्हणालो, "थोड्या होतात."

११ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिस. किराणा दुकानांचे काटे तपासायचे होते. एकाचा काटा किलोला पाच ग्रॅम खात होता. दुकानदार म्हणे, "साहेब, पाच ग्रॅमनं काय आभाळ कोसळणार आहे? तुम्हीसुद्धा ना, फार बारीक बघता."

काटा जप्त केला. सही करताना हात थांबला. मग केली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली. कपाट आवरून दिलं. हिच्या साड्या मावशीला, चपला कोणाला नाही. दुपारी चहा घेताना म्हणाली, "बाबा, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. उद्या ते औषध बाजारात येईल ना, त्यात आई आहे. मला रडू आलं की मी तेवढंच आठवते."

मी कप विसळायला उठलो. "राहू द्या, मी विसळते," म्हणाली. तरी मीच विसळला.

खरं सांगितलं तर पोरीकडे काय उरतं?

१६ फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटलात जाऊन सांगायचं ठरवलं होतं. गेलो नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सहा दिवस. सहा गोळ्या म्हणजे हिच्या दीडपट. ही चारांनी आडवी झाली होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोन लावला. सिस्टरने "हॅलो, काका?" म्हटलं. मीच तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. तिची. ती म्हणाली बरी आहे. ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकून गेलो. पाऊण तास बसवलं. तेवढ्यात दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो.

एका दमात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहायला पेन घेतलं, मग ते खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"एक्केचाळीस. तारखा लिहून आणल्यात."

"गोळ्यांचं काय केलंत?"

"मोरीत."

"आणि आम्ही रक्त तपासत होतो ते फक्त लिव्हरसाठी. औषध उतरलंय का, ते बघितलंच नाही." हे त्या मला नाही, भिंतीला म्हणाल्या.

मी म्हणालो, रागवा. त्या म्हणाल्या, "रागवायला वेळ कुठे आहे, काका? सोमवारी आठ जण सहा-सहा गोळ्या गिळणार आहेत." मग खुर्ची पुढे ओढून उलट्यांबद्दल सगळं विचारलं. किती वाजता, किती वेळा, काय टिकायचं पोटात. असं कोणी कधी विचारलं नव्हतं. बहुतेक मीही कधी सांगितलं नव्हतं.

निघताना म्हणाल्या, काकूंची नोंद आता निकालात धरता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेकीला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "बाबा, तुम्ही लोकांचे काटे तपासता."

मी हो म्हणालो.

"म्हणजे आईचं कुठेच काही राहिलं नाही."

फोन ठेवला. तिने.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज त्यांचा गट सुरू व्हायचा. झाला की नाही, कळलं नाही. सिस्टरचा फोन लागत नाही. चित्रकलेच्या बाईंचं नावही मी विचारलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलचा फोन नाही. लेकीचाही नाही.

४ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. गट त्यांनी सोमवारीच अडवून धरला होता. मी येऊन गेल्यावर बाकीच्या अकरा घरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला – रागावणार नाही, खरं सांगा, सगळ्या गोळ्या घेतल्या का? पाच घरांनी सांगितलं, नाही. पाचही वह्यांत रोज चार खुणा आहेत. सहा गोळ्या रद्द. आता दोनपासून सुरू करणार.